गार ओलावा

अकोल्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी टीव्हीचं एक जुनं लाकडी शोकेस होतं. टीव्ही भिंतीवर गेला तेव्हापासून ते मागच्या खोलीत रिकामं पडून होतं. चार फूट लांब, दीड फूट खोल, पुढे सरकत्या काचा, वर काचेचं झाकण. जानेवारीत तिने ते पुसून घेतलं, सुताराला बोलावून मागच्या फळीला दोन भोकं पाडून घेतली आणि त्यात कासवाचं पिल्लू ठेवलं. पिल्लू मोठ्या लिंबाएवढं होतं.

ते तिच्या मुलाचं. मुलगा पुण्यात नोकरीला होता. डिसेंबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. महिनाभराने त्याच्या खोलीत सोबत राहणारा मित्र त्याचं सामान घेऊन रेल्वेने आला. दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि मांडीवर धरून आणलेला प्लॅस्टिकचा डबा. डब्यात हे पिल्लू. जात आफ्रिकेतली, रीतसर विकत घेतलेली, वनखात्याकडे नोंद केलेली. बहिणीने पहिल्यांदा हेच विचारलं, कारण आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे हे तिला माहीत होतं. मित्राने कागद दाखवले. "काकू, याला थंडी अजिबात चालत नाही," म्हणाला आणि परतीच्या गाडीने गेला.

बहीण निवृत्त होईपर्यंत सरकारी रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात सिस्टर होती. दिवस भरण्याआधी जन्मलेली, किलो-सव्वा किलोची बाळं वॉर्मरखाली जगवणं हे तिचं काम. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा एकच. आता त्या घरात ती होती आणि हे पिल्लू होतं. मुलाने आणलेलं, त्याच्या हातून खाल्लेलं आणि अजून श्वास घेणारं असं तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती.

शोकेसची मांडणी तिने वॉर्डच्या शिस्तीने केली. मी त्या दिवसांत दोनदा अमरावतीहून गेलो होतो, म्हणून पाहिलं आहे. एका टोकाला चिनीमातीच्या होल्डरमध्ये ऊन शेकायचा दिवा. त्याच्याखाली चपटी फरशी. फरशीवर पस्तीस अंश, दुसऱ्या टोकाला अठ्ठावीस. कासवाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. गरम व्हायचं असेल तर ते दिव्याखाली जातं, पुरे झालं की दुसरीकडे सरकतं. म्हणून दोन्ही टोकं वेगळी लागतात. रात्री दिवा बंद, पण उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर चालू. त्याची तार थर्मोस्टॅटला जोडलेली. आतली हवा सत्तावीसच्या खाली गेली की हीटर आपोआप लागायचा.

उजेडाची ट्यूब वेगळी. उन्हातला जो भाग हाडं आणि कवच धरायला लागतो तो त्या ट्यूबमधून मिळतो. ती बहिणीने आधी शोकेसच्या वर, काचेच्या झाकणावर ठेवली होती. दहा दिवसांनी तिला कुठेतरी वाचायला मिळालं की तो भाग काचेतून पार होत नाही. त्याच दुपारी तिने ट्यूब आत बसवून घेतली, जमिनीपासून फूटभर उंचीवर. "दहा दिवस उपाशी ठेवलं मी त्याले," ती म्हणाली. पिल्लू रोज खात होतं. ती उन्हाबद्दल बोलत होती.

तिसरी गोष्ट ओलावा. वाळवंटातल्या जातीचं कासव म्हणून त्याला कोरडं ठेवावं असं वाटतं. पण पिल्लं बिळात वाढतात आणि बिळात दमट असतं. कोरड्या हवेत वाढलं तर कवचावर उंचवटे येतात आणि आतल्या आत पाणी कमी पडतं. बहिणीने तळाशी चार बोटं जाडीचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुग्याचा, थर दिला आणि चारही कोपऱ्यांत कोमट पाणी सोडलं. खालचा थर ओला, वरचा कोरडा. आर्द्रता सत्तर ते ऐंशी टक्के. रोज सकाळी परातीत कोमट पाण्यात पंधरा मिनिटं. खायला हराळी, जास्वंदीची पानं आणि काटे काढलेल्या नागफणीचे तुकडे.

हे सगळं एका तक्त्यात. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपण्याआधी. गरम टोक, गार टोक, आर्द्रता, खाल्लं का, शी झाली का. रविवारी वजन. तक्ता शोकेसला चिकटवलेला. शेजारीण एकदा तो वाचत उभी राहिली.

"सिस्टर, याले सलाईन कधी लावता?"

"तुमाले लावाचं हाये का आधी?" बहीण म्हणाली.

मार्चपर्यंत पिल्लाचं वजन दुप्पट झालं.

मे महिन्यात मोर्शीजवळच्या गावी तिची थोरली जाऊ वारली. तेरवीपर्यंत तिथे राहणं भाग होतं. त्या गावात दिवसातून सहा-सात तास वीज नसते. पिल्लू तिकडे नेता येणार नव्हतं. अकोल्याहून मोर्शीला जाताना अमरावती वाटेत लागते. सकाळच्या बसने ती आमच्याकडे आली. खांद्याला कपड्यांची पिशवी, मांडीवर झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा टब, त्यात पिल्लू. गाडी दुपारी होती. दोन तासांत तिने आमच्या मागच्या खोलीत सगळं लावलं. झाकणाला पाडलेल्या चौकोनात दिवा, कडेला हीटर, काट्यांच्या दोन गोल तबकड्या, एक उष्णतेची आणि एक ओलाव्याची. तक्त्याचे कोरे कागद तिने सोबत आणले होते.

सूचना तिने वेगळ्या कागदावर लिहिल्या होत्या. खोली तेहतीसच्या वर गेली तर दिवा बंद करावा. ओलावा सत्तर ते ऐंशी ठेवावा. थर्मोस्टॅट सत्तावीसवर आहे, हात लावू नये. निघताना दारात वळून म्हणाली, "बाकी काही नाही भाऊ. थंडी लागू देजो नको त्याले."

माझी बायको हसली. "ताई, मे मयन्यात कुठली थंडी आनता? इथं आमाले नाही लागत, त्याले कुठून लागन?"

बहीणही हसली. डिसेंबरनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग ती गेली.

माझी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. उन्हाळ्यात पहिल्या पानावर अकोला आणि अमरावतीच्या कमाल तापमानाची चौकट असते. कित्येक वर्षं ती मी भरली. बेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. त्या आकड्याखाली कोणत्या बातम्या येतात हेही ठरलेलं असतं. उष्माघात, पाणी, दुपारी ओस पडलेले रस्ते. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला मे महिन्यात एकच शत्रू माहीत असतो. गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं, गाईच्या अंगावर ओलं पोतं, लहान मूल कूलरसमोर. जिवाला जपायचं म्हणजे गार ठेवायचं. यावर आमच्याकडे कधी विचार करावा लागत नाही.

पहिले दोन दिवस मी सूचनांप्रमाणे वागलो. दुपारी मागची खोली सदतीसवर गेली, दिवा बंद केला. ओलावा मात्र टिकेना. बाहेर चव्वेचाळीस आणि हवा करकरीत कोरडी. सकाळी कोपऱ्यांत पाणी सोडावं तर दुपारी काटा चोवीसवर. तीनदा पाणी घातलं. वरचा थर चिखल झाला, तासाभरात पुन्हा भुगा. पिल्लू कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं. मला ते उन्हाने कासावीस झाल्यासारखं वाटलं. तसं वाटण्याला माझ्याकडे आधार काहीच नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी टब उचलून पुढच्या खोलीत आणला आणि कूलरसमोर ठेवला. झाकण काढलं, त्यासोबत दिवाही गेला.

आमचा कूलर मोठा, पत्र्याचा, खिडकीत बसवलेला. तिन्ही बाजूंना पाणी झिरपणाऱ्या नव्या जाळ्या भरलेल्या. अर्ध्या तासात ओलाव्याचा काटा चोवीसवरून अठ्ठ्याहत्तरवर आला. संध्याकाळी ब्याऐंशी. दोन दिवस ज्या आकड्यासाठी झटलो तो न मागता मिळाला. मी तो तक्त्यात लिहिला. समाधान वाटलं, हेही नमूद करायला हवं.

उष्णतेचा काटा चोवीसवर होता. तोही मी लिहिला.

चोवीस म्हटल्यावर थर्मोस्टॅटने हीटर लावला. लावला तो लावलाच, बंद होईना. बायकोने हात धरून पाहिला.

"हे काहून गरम करून रायलं?"

"आपोआप लागते ते."

"म्हंजे एका बाजूनं कूलर आन दुसऱ्या बाजूनं हीटर? मे मयन्यात? कोनी पायलं तर म्हनन, या घरची मानसं उन्हानं फिरली."

मलाही ते हास्यास्पद वाटलं. मी प्लग काढला. हात लावू नये असं लिहिलेलं थर्मोस्टॅटबद्दल होतं, प्लगबद्दल नव्हतं, अशी पळवाटही मनाशी काढली.

पुढचे आठ दिवस तक्ता नीट भरला गेला. सकाळी तेवीस, ऐंशी. दुपारी सव्वीस, पंच्याहत्तर. संध्याकाळी चोवीस, ब्याऐंशी. झोपण्याआधी बावीस, पंच्याऐंशी. एकही रकाना रिकामा नाही. बहीण दोन-तीनदा फोनवर बोलली. मागे बायका रडत असायच्या, ती बाजूला येऊन विचारायची.

"ओलावा राहून रायला का?"

"ऐंशी."

"अरे वा. माया घरी उन्हाळ्यात साठाच्या वर नेता नेता जीव जाते."

उष्णता किती, हे तिने विचारलं नाही. मे महिन्यात ते विचारावं असं तिलाही वाटलं नसावं. मी सांगितलं नाही.

आठव्या दिवशी पिल्लाने नागफणी सोडली. नवव्या दिवशी डोळे उघडले नाहीत. दुपारभर झोपलंय असं मी समजलो. गार हवेत झोप लागते. दहाव्या दिवशी सकाळी परातीतून बाहेर काढलं तेव्हा नाकपुडीवर एक बुडबुडा होता. पाणी असेल म्हणून पुसला. संध्याकाळी कोरड्यातही बुडबुडा आला. मान लांब करून, तोंड उघडून ते हवा घेत होतं. हातात घेतलं तर कवच गार होतं. माठाला हात लावल्यावर लागतं तसं.

अकराव्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे गाई-म्हशी आणि कुत्री येतात. कासव त्यांनी पूर्वी दोनदा पाहिलेलं. त्यांनी एका ओळखीच्या डॉक्टरला नागपूरला फोन लावला, बोलले, मग माझ्याकडे पाहिलं.

"टेम्परेचर काय ठेवलं होतं?"

मी तक्ता पुढे केला. सोबत नेला होता. त्यांनी बोट ठेवत एकेक रकाना खाली वाचला.

"एवढ्या थंडीत ओलं ठेवलं तुम्ही याला," ते म्हणाले.

मी म्हणालो, बाहेर चव्वेचाळीस आहे.

"बाहेर आहे. हे बाहेर नव्हतं ना."

ओलावा गरम असेल तर पिल्लाला हवाच असतो, त्यांनी समजावलं. गार झाला की तोच छातीत बसतो. गार आणि कोरडं एक वेळ निभतं. गरम आणि ओलं उत्तम. गार आणि ओलं हे एकच जुळवायचं नसतं. ते मी आठ दिवस दर प्रहरी मोजून लिहिलं होतं. आकडे सगळे खरे होते. लिहिताना एकदाही ते शेजारी-शेजारी ठेवून वाचले नव्हते.

पुढच्या पायात सुईने थेंबभर औषध दिलं. ऊब वाढवा, तीस-बत्तीसवर न्या, म्हणाले. टब पुन्हा मागच्या खोलीत गेला. हीटरचा प्लग लावला. थर्मोस्टॅट मी पहिल्यांदाच फिरवला.

बहिणीला कळवायचा प्रश्न आला. बायको म्हणाली, तेरवी होऊ द्या, तिथं चार मानसांत तिले काय सांगता. मी मान्य केलं. खात्री होईपर्यंत बातमी सोडायची नाही ही सवय सोयीची पडली. दुसरंही कारण होतं. डिसेंबरमध्ये पुण्याहून पहिला फोन मला आला होता आणि तिला मुलाचं मीच सांगितलं होतं. फोनवर, दोन वाक्यांत. ती वाक्यं मला पाठ आहेत.

बाराव्या दिवशी सकाळी पिल्लू मेलेलं होतं. हीटर चालू होता. काटा एकतीसवर, ओलावा बहात्तर. त्या टबात बारा दिवसांत प्रथमच आकडे बरोबर होते.

बहीण चौदाव्या दिवशी अकराच्या सुमारास आली. चपला काढतानाच तिने आत नजर टाकली. पुढच्या खोलीत कूलर चालू होता. त्याच्यासमोर फरशीवर ओलाव्याचा चौकोनी डाग राहिला होता, कोकोपीटच्या कडा असलेला. ती त्या डागाकडे पाहत उभी राहिली. मग तिने मागच्या खोलीत उलटा घालून ठेवलेला रिकामा टब पाहिला.

"कधी?" तिने विचारलं.

"परवा सकाळी."

"कुठं ठेवलं?"

मी सांगितलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून कापडात गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं, कारण वनखात्याला कळवायचं होतं आणि ते पाहायला मागतील असं ते म्हणाले होते. ती स्वयंपाकघरात गेली. फ्रीज उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने बंद झाल्याचा आला.

बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली. "तक्ता दे," म्हणाली.

चष्मा लावून तिने तो पहिल्या दिवसापासून वाचला. तिसऱ्या दिवसाच्या दुपारी थांबली. मग पुढे न थांबता शेवटपर्यंत गेली. ती रडली नाही. माझ्या बायकोने पाणी आणलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"बंद नाही केला," ती म्हणाली.

"काय?"

"तक्ता. वार्डात बाळ गेलं की तक्ता तसाच सोडून देता येत नाही. वेळ लिहा लागते, कारण लिहा लागते, सही करा लागते. लिही."

मी शेवटच्या ओळीखाली तारीख आणि वेळ लिहिली. कारणाच्या पुढे लिहिलं, न्यूमोनिया.

तिने कागद फिरवून वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "हा रोग झाला भाऊ. कारण लिही."

मी लिहिलं, कूलरची गार हवा.

तिने पुन्हा वाचला. पुन्हा सरकवला.

मी खाली आणखी एक ओळ लिहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी टब मी कूलरसमोर ठेवला आणि हीटरचा प्लग काढला. त्याखाली सही केली.

या वेळी तिने कागद जवळ घेतला. माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली. वॉर्डात दोन सह्या लागत असाव्यात.

मग खिडकीकडे पाहत ती म्हणाली, "नवीन पोरगी ड्युटीवर आली की पयल्या दिवशी मी तिले एकच गोष्ट सांगत होती. बाळ ओलं असन तर आधी कोरडं कर, मग बाकीचं. ओलं बाळ गार पडते. उन्हाळा असो का हिवाळा. शंभर पोरींले सांगतलं असन. तुले सांगाचं राहून गेलं. मीच हासत बसली दारात."

बायको म्हणाली, "नाही ताई, तुमचं काय त्याच्यात."

त्या क्षणी मला हलकं वाटलं. चूक वाटली गेली होती आणि मोठा हिस्सा तिने आपणहून उचलला होता. "तू सांगितलं होतंस, थंडी लागू देऊ नको म्हणून," एवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं. ते खरं होतं आणि तिच्या उपयोगाचं होतं. मी ते बोललो नाही.

दुपारच्या बसने ती अकोल्याला गेली. तक्ता सोबत नेला.

त्यानंतर दोनदा तिच्याकडे जाणं झालं. शोकेस मागच्या खोलीतच आहे, काचा पुसलेल्या. कोणी कासवाचं विचारलं तर ती सांगते, "माया हातून गेलं. सूचना लिहितानी एक गोष्ट राहून गेली मायी." तीच वाक्यं, त्याच क्रमाने. दोन्ही वेळा मी त्याच खोलीत बसलो होतो. दुसऱ्या वेळी शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होतो.